वारा पडला? पतंगाला डाएटवर टाका!

हिवाळ्यातली अलिबागची सकाळ म्हणजे सगळं सही, फक्त वारा गायब. दोन दोऱ्यांचा माझा स्टंट काइट वाळूवरून उठायचं नाव घेत नाही. समुद्रावरचा खरा वारा सुटतो दुपारी, तेव्हा आपल्याला परतीची घाई. मित्रमंडळी म्हणतात, नवा अल्ट्रालाइट घे. का बुवा? महिनाअखेर आहे! आहे तोच पतंग हलका करता येतो.

फंडा सिंपल आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की पतंगाला मिळणारी उचल निम्मी नाही, चौथाई होते. वजन मात्र तेवढंच. म्हणजे भांडण ग्रॅमचं.

स्वस्तातल्या पतंगात फायबरग्लासच्या कांड्या असतात. त्यांच्या जागी त्याच लांबीच्या, कार्बनच्या पोकळ नळ्या घाला. बजेट कमी असेल तर आधी फक्त आडव्या बदला. शेपूट असेल तर उडवा, नुसतं ओझं! दोऱ्याही बदला. तीस मीटरच्या जाड दोऱ्या स्वतःच्या वजनानेच झोळतात. पंधरा मीटरच्या बारीक डायनीमावर तोच पतंग चटकन ऐकतो.

पण मला विचाराल तर खरी गंमत कन्नीत आहे, आणि ती फुकट! दोरी अडकवायची गाठ दोन्ही बाजूंना अगदी सारखी, नाकाच्या दिशेने सरकवा. एका वेळी पाच मिलिमीटर, बस. आधीच्या जागेवर पेनाने खूण करून ठेवा. पतंग वाऱ्याला कमी आडवा येतो आणि सुळकन पुढे जातो. हाव केलीत तर हाताला ओढ लागणार नाही आणि वळणं बैलगाडीसारखी लांबलचक होतील.

हा सडपातळ हिरो नाजूक असतो हं. दुपारी वारा चढला की बारीक नळ्या तटकन मोडतात, म्हणून जुन्या कांड्या बॅगेत हव्यातच. आणि कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांच्या आसपासही नको.

एवढं करूनही पतंग लोळला तर? मागे चाला. जितक्या वेगाने चालाल, तेवढा वारा आपला आपण मिळतो. ओहोटीची घट्ट वाळू याला बेस्ट. फक्त त्याच वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या सुटतात, तेव्हा अधूनमधून मागेही बघा!