ठाण्यातील फलक

पोलिसांनी एखाद्याला घेऊन गेल्याची वार्ता घरी पोचते तेव्हा आरोप कोणता, कलम कोणते, जामीन मिळेल की नाही, हे सारे मागाहून येते. पहिला प्रश्न एकच असतो : त्याला नेले कोठे? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न साधा नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा अकोले तालुक्याच्या डोंगरांपासून जामखेडच्या माळापर्यंत पसरला आहे. माणूस उचलला जातो एका गावातून, गुन्हा नोंदलेला असतो दुसऱ्याच तालुक्यात आणि कारवाई करणारी असते नगरची स्थानिक गुन्हे शाखा. घरची माणसे तालुक्याच्या ठाण्यातून कोतवालीत आणि कोतवालीतून तोफखान्यात हिंडत राहतात. ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर मिळते, आणि ते पुष्कळदा खरेही असते.

नेमक्या याच घटकेला मध्यस्थ उगवतो. तो कधी गावचा लहानसा पुढारी असतो, कधी ठाण्यासमोरच्या टपरीवर बसणारा ‘ओळखीचा माणूस’. एक फोन करून तो ठावठिकाणा सांगतो, आणि तेथून हिशेब सुरू होतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला यात नवल वाटावयास नको. ज्या वस्तूचा पुरवठा मोजक्या हातांत आणि जिची गरज तासागणिक वाढत जाणारी, तिला भाव येतोच. मग ती वस्तू रॉकेल असो की बातमी. दुधाच्या बिलावर घर चालविणारे कुटुंब त्या रात्री जे पैसे मोजते ते सुटकेसाठी मोजतो असे समजते. वस्तुतः त्याने विकत घेतलेली असते ती केवळ माहिती, आणि ती कायद्याने फुकट आहे.

ठावठिकाणा लपविणे हे सत्तेचे जुने हत्यार आहे, आणि त्याची साक्ष आपल्याच गावात उभी आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले, तेव्हा ते कोठे आहेत हे सरकारने गुप्त ठेवले होते. आरंभी त्यांना वर्तमानपत्रही मिळत नव्हते. मौलाना आझाद किल्ल्यात असताना एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अखेरची भेट झाली नाही. किल्ल्यात नेहरूंची खोली पाहावयास आपण विद्यार्थ्यांच्या सहली नेतो, परंतु हा भाग क्वचितच सांगतो.

स्वतंत्र भारताने या गुप्ततेवर उपाय योजला, मात्र फार सावकाश. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेची बंधने घालून दिली. २०१० पासून ती फौजदारी प्रक्रिया संहितेत शिरली आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. तिच्या ३७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात व जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक फौजदाराहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमून द्यावयाचा आहे. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची नोंद त्याने ठेवावयाची, आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावावयाची आहे. म्हणजे ‘आमच्याकडे नाही’ यापुढचा प्रश्न कायद्यानेच आपल्या हाती दिला आहे : मग जिल्ह्याच्या यादीत नाव कोठे आहे? चारचौघांत नाव लागण्याची लाज मोठी, हे खरे. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हेही खरे. तरीही गुप्ततेपेक्षा ही लाज मला पत्करण्याजोगी वाटते.

याच संहितेच्या ४८ व्या कलमाने, अटक झालेला माणूस ज्याचे नाव सांगेल त्या नातेवाइकाला वा मित्राला पोलिसांनी तत्काळ कळवावयाचे आहे, आणि कोणास कळविले याची नोंद ठेवावयाची आहे. कारणांविषयी तर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईतील एका मोटार अपघाताच्या प्रकरणात, पुरते स्पष्ट सांगितले : अटकेची कारणे लेखी, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावीत, जागेवर देणे शक्य नसेल तर निदान दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्यापूर्वी दोन तास द्यावीत.

सर्वाधिक फसगत होते ती ‘चौकशीसाठी नेले’ या शब्दप्रयोगाने. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे हे राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. पण हे तास मोजावयाचे कधीपासून? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटले आहे की, माणसाच्या हालचालीवर बंधन पडते तेव्हापासून; कागदावर अटक दाखविली तेव्हापासून नव्हे. यासाठी अटक पंचनाम्यावरील तारीख व वेळ महत्त्वाची. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि खेड्यात ही प्रतिष्ठित व्यक्ती पुष्कळदा शाळेतील गुरुजीच असते. गुरुजींनी वेळ वाचल्यावाचून सही करू नये.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या बाबतीत या तासांना पगाराचीही जोड आहे. राज्याच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला शासकीय कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. आरोप खोटा ठरला तरी निलंबनाचे महिने परत येत नाहीत. म्हणून वकील हवा तो पहिल्याच रिमांडला. तो परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याने कोठडीतील प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील विनामूल्य मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

त्या पहिल्या हजेरीला दंडाधिकारी विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे काय? ज्यांच्या सोबत परत जावयाचे त्यांच्या देखत आरोपी बहुधा ‘नाही’ म्हणतो. समोर घरचा माणूस आणि शेजारी वकील असला तर हे उत्तर बदलण्याचा संभव असतो. परभणीच्या हिंसाचाराच्या प्रकरणात अटक झालेला विधी शाखेचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदविण्याचा आदेश मिळविण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत जावे लागले, आणि तोवर जुलै २०२५ उजाडला.

पोलिसांची बाजूही आहे. अपुरे मनुष्यबळ, बंदोबस्ताचे दिवस आणि डझनावारी गावांचे एकच ठाणे, हे मी नाकारीत नाही. परंतु ठाणे अंमलदाराला फलकावर चार नावे लिहावयास किती वेळ लागतो? जिल्ह्याची यादी दिवसातून दोनदा अद्ययावत झाली तर त्याच्या मेजापुढील गर्दीच निम्मी होईल.

फलक कोरा दिसला तर माहितीचा अधिकार आहेच. याच अधिकारासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. मात्र ही मुदत चोवीस तासांच्या दुप्पट आहे. तेव्हा फलक लावला जातो की नाही हे विचारणारा साधा अर्ज कोणाच्याही अटकेची वाट न पाहता, आजच आपापल्या तालुक्याच्या ठाण्यात देता येईल.