माउलीला नमस्कार पुरे

वर्षभर आमच्या टेबलावर एकाच साच्याचे लेख येत राहिले. दिव्यांग मूल, खंबीर आई आणि शेवटी 'धन्य ती माउली'. लिहिणारे शेजारी, आप्त, नाहीतर शिक्षक; खुद्द आईच्या तोंडचं एक वाक्य नाही. सगळे साभार परत केले. मराठवाड्यातला पूर, तिसऱ्या भाषेचा वाद, कागदाचे भाव यांवर लिहिता आलं असतं, पण डोक्यात ठाण मांडून बसली ती ही माउली.

या आया एकत्र जमल्या की काय बोलतात, ते ऐकायला एका पालक-गटाच्या बैठकीला गेलो. शाळेचा वर्ग, बाकं छोट्यांची, मोठ्यांचे गुडघे छातीशी. एकीची डाउन सिंड्रोम असलेली मुलगी नुकती वयात आलेली. पॅड लावायला शिकवायचं कसं? दुसरी म्हणाली, "अहो, निकरवर लाल दोऱ्याने पॅडचा आकार शिवून टाका. कुठे लावायचं ते तिला दिसतं."

एका वडिलांच्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. त्यानंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. कायदा आहे, पण अर्जाला काय काय जोडायचं, हे सांगायला तो करून आलेला बापच लागतो. निदानाच्या कागदाबरोबर थेरपींची यादी मिळते, अशा एखाद्या पालकाचा फोन नंबर मिळत नाही. आमचा राग एवढाच आहे.

गटात सगळं गोडच असतं असं नाही. रामबाण उपायांचे फॉरवर्ड तिथेही फिरतात, वडील कमीच येतात, आणि तालुक्याच्या गावी गटच नसतो. 'आमच्या पश्चात काय?' या प्रश्नापोटी पालकांनी एकत्र येऊन प्रौढ मुलांसाठी बदलापूरला 'आधार' उभी केली, तशा निवासी संस्था फार थोड्या.

यंदाच्या अंकाचा विषय 'शेजार'. त्यात हे बसतं कसं, असं विचाराल, तर थोडं ओढूनताणूनच बसवलंय. या पालकांनी स्वतः लिहिलेली पानं आत आहेत. शुद्धलेखन आम्ही सुधारलं, चिडचिड तशीच ठेवली. तुमच्या इमारतीत असं घर असेल, तर 'बघा, तुमच्यावर आलंय' म्हणून अंक तिकडे पाठवू नका. त्यांना हे पाठ आहे. तुम्ही वाचा.