घाई रॅमची की आपली?

घरातले किंवा शाळेतले एखादे यंत्र बिघडले, की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? बहुधा "कोणी बिघडवले?" हाच. वास्तविक पहिला प्रश्न "कशामुळे बिघडले?" हा असायला हवा. माझे म्हणणे तुम्हाला पटावे म्हणून गोंदियातील एका संगणकाची हकीकत सांगतो.

माझ्या ओळखीचा अकरावीतला एक मुलगा तेथे राहतो. त्याने पैसे साठवून स्वतःचा संगणक जोडला. त्यात रॅमच्या, म्हणजे स्मृतीच्या, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या. त्यांचा ठरवून दिलेला वेग ३२०० होता. याचा अर्थ असा, की पट्टीच्या प्रत्येक माहितीवाहक तारेतून सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवघेव होते. एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. डिसेंबरात त्याने बायोसमध्ये शिरून वेग ३६०० केला, दाब १.३५ व्होल्टवरून १.४० व्होल्ट केला आणि "रिफ्रेश"चा कालावधीही बराच लांबवला. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. दहा मिनिटे खेळ खेळून पाहिला, सर्व ठीक चालले, आणि स्वारी खूश झाली.

एप्रिल उजाडला. आजीने म्हटलेली धान रोवणीची चौदा गाणी त्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली होती. मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून ती संगणकावर घेतली, त्यांची एक झिप फाइल बांधली आणि मूळ मुद्रणे पुसून टाकली. मे महिन्यात झिप उघडली तेव्हा बारा गाणी निघाली, दोन निघेनात. "तपासणी जुळत नाही" एवढाच निरोप मिळाला. त्याच सुमारास संगणक दुपारी मध्येच बंद पडू लागला. मुलाने विजेला दोष दिला, विंडोजला दिला आणि शेवटी पट्ट्या विकणाऱ्या दुकानदाराला दिला. दुकानदाराशी त्याची चांगलीच वादावादी झाली.

आता रॅममध्ये काय घडते ते पाहू. १९६६ साली अमेरिकेत आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना एक कल्पना सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलेसे धारित्र एवढ्यावर एक अंक साठवायचा, अशी ती कल्पना. धारित्रात विद्युत्प्रभार असला तर १, नसला तर ०. आजची रॅम याच तत्त्वावर चालते. आठ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे ६,८७२ कोटी घरे असतात.

गोंदिया, भंडाऱ्याकडच्या वाचकांनी धानाच्या बांध्या डोळ्यांसमोर आणाव्यात. प्रत्येक बांधी म्हणजे एक घर. पाणी भरलेली बांधी म्हणजे १, कोरडी म्हणजे ०. पण बांधीतले पाणी स्वस्थ राहत नाही. थोडे झिरपते, थोडे वाफ होऊन जाते. म्हणून ते अर्ध्याखाली जाण्याआधी कोणीतरी फेरी मारून भरलेल्या बांध्या पुन्हा काठोकाठ भरायला हव्यात. उशीर झाला, तर ही बांधी भरलेली होती की कोरडी, हेच कळेनासे होते. धारित्रातला प्रभारही असाच गळतो, आणि तो पुन्हा भरण्याच्या फेरीला "रिफ्रेश" म्हणतात. नेहमीच्या डीडीआर४ पट्टीत प्रत्येक घराची पाळी ६४ मिलिसेकंदांत एकदा यावी असा नियम आहे. त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वा लाख वेळा, रिफ्रेशची आज्ञा सुटते. ही आज्ञा चालू असताना त्या भागातील वाचन-लेखन थांबते. म्हणून वेगाचे शौकीन फेऱ्या कमी करतात आणि तेवढा वेळ वाचवतात.

पण उन्हाळ्यात बांध्या लवकर आटतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. धारित्राची गळतीही तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. म्हणूनच पट्टी ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली तर फेऱ्या दुप्पट कराव्यात असा संकेत आहे. गोंदियाला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. खोली तापली की पेटीतली हवा त्याहून गरम होते आणि पट्टी त्याहूनही गरम. डिसेंबरात खपलेली ढिलाई मे महिन्यात खपली नाही!

"हे तुम्हाला आता कळले, त्या मुलाला कसे कळले?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, कारण माझ्या लेखाचा मुद्दा तोच आहे. दुकानदाराशी भांडून झाल्यावर त्याने वही घेतली. बायोसमधील सर्व आकडे मूळ ठिकाणी आणले आणि मेमटेस्ट८६ ही स्मृती तपासणारी आज्ञावली रात्रभर व दुसऱ्या दिवशी दुपारभर चालवली. चुका शून्य. म्हणजे पट्ट्या निर्दोष, आणि दुकानदारही निर्दोष. मग त्याने फक्त वेग व त्याला लागणारा दाब वाढवला, रिफ्रेशला हात लावला नाही. पुन्हा दुपारभर तपासणी. चुका शून्य. यानंतर रिफ्रेशचा कालावधी तेवढा लांबवला. पहाटे चुका शून्य, दुपारी तीन वाजता पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरला. गुन्हेगार सापडला.

यात कोणती युक्ती होती? एका वेळी एकच बदल केला, तो लिहून ठेवला, आणि ज्या परिस्थितीत बिघाड होत होता त्याच परिस्थितीत तपासणी केली. त्याने वेग, दाब आणि रिफ्रेश तिन्ही एकदम मागे घेतले असते आणि तिथेच थांबला असता, तर संगणक सुधारला असता; पण दोष कशाचा हे कधीच कळले नसते. केवळ पहाटे तपासले असते, तर "सर्व ठीक" असा खोटा निकाल मिळाला असता. आणि दुकानदाराने भिडेखातर पट्ट्या बदलून दिल्या असत्या, तर नव्या पट्ट्यांनीही दुपारी तेच केले असते.

काही जण म्हणतील, मुलांनी या भानगडीत पडावेच कशाला? ठरवून दिलेला वेग काय वाईट आहे? मी या मताचा नाही. यंत्राची मर्यादा कोठे आहे हे शोधून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे, आणि जो मुलगा बायोस कधीच उघडत नाही त्याला रिफ्रेश म्हणजे काय हे कळणारही नाही. माझा आक्षेप दहा मिनिटांच्या तपासणीला आहे. गोंदियाच्या भातगिरणीत जाऊन विचारा. यंत्र प्रमाणाबाहेर पळवले की तासाला धान जास्त भरडले जाते, पण तांदळात कणीही वाढते. गिरणीवाला म्हणूनच तांदूळ मुठीत घेऊन पाहतो. संगणकाची कणी मात्र डोळ्यांना दिसत नाही. ३२०० वरून ३६०० म्हणजे साडेबारा टक्के वाढ, आणि प्रत्यक्ष कामात फायदा बहुधा त्याहूनही कमी. तेवढ्यासाठी न तपासलेल्या स्मृतीवर एकुलती एक प्रत सोपवणे हा मला वाईट सौदा वाटतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते, आणि ती मुलांची चूक नाही. बंद पडणारा संगणक त्रास देतो, पण निदान बोंब तरी मारतो. गुपचूप एक अंक बदलून पुढे जाणारा संगणक अधिक धोक्याचा. यावर उपाय फार जुना आहे. १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणिती शनिवार-रविवारी आपली गणिते यंत्रावर लावून जात. चूक सापडली की यंत्र ते गणित सोडून देई. हॅमिंग चिडले. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कोठे झाली हे कळून दुरुस्त का करता येऊ नये, असा विचार त्यांनी केला. त्यातून चूक स्वतःच सुधारणारी सांकेतिक पद्धती निघाली आणि १९५० साली प्रसिद्ध झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्येसुद्धा दर आठ अंकांमागे एक नववा, राखणदार अंक होता. तो चूक सुधारत नसे, पण पकडत असे. पुढे घरगुती संगणकांतून हा राखणदार काढून टाकण्यात आला. मोठ्या सर्व्हरमध्ये चूक सुधारणारी स्मृती असते, घरच्या संगणकात बहुधा नसते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती पहारा देत नाही. थोडी किंमत वाढली तरी चालेल, पण आजीची गाणी बँकेच्या हिशेबाइतकीच मोलाची समजली जावीत, असे मला वाटते.

तोपर्यंत राखणदार आपणच. वेग वाढवायचा असेल तर जरूर वाढवा, पण आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. एका वेळी एकच आकडा बदला. तारीख, वेळ आणि खोलीचे तापमान वहीत लिहा. विदर्भात राहत असाल तर मे महिन्याच्या दुपारी पुन्हा तपासा. संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. वीज बंद करून, मोठ्या माणसाला जवळ घेऊन, मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे बायोस मूळ स्थितीत आणा. आणि कारण सापडेपर्यंत कोणालाही दोष देऊ नका.

त्या मुलाने पुढे काय केले म्हणता? वेग ३६०० ठेवला आणि रिफ्रेश मूळ आकड्यावर आणला. दुकानात जाऊन माफी मागितली, आणि वहीही दाखवली. मग आजीपुढे मोबाइल ठेवून बसला. हरवलेल्या दोन गाण्यांपैकी एक आजीने पुन्हा म्हटले. दुसरे तिला काही केल्या आठवले नाही.