छोट्या दुकानदाराचा विमा आणि आपण

विमा हा विषय आपल्या अभ्यासवर्गांत सहसा निघत नाही. निघालाच तर तो राष्ट्रीयीकरणाच्या इतिहासापुरता. १९५६ साली आयुर्विमा सार्वजनिक क्षेत्रात आला. मे १९७१ मध्ये सर्वसाधारण विम्याचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे चार सरकारी कंपन्यांत एकत्रीकरण झाले. हा इतिहास आपल्या चळवळीला अभिमानास्पद आहेच. परंतु बाजारपेठेतला एखादा किराणा दुकानदार, शिलाई यंत्रे मांडून बसलेला कारागीर किंवा पिठाची गिरणी चालवणारी विधवा आपल्या कार्यकर्त्याला विचारते, "दरसाल हप्ता भरून माझ्या पदरात काय पडते?" तेव्हा या इतिहासाचा तिला काही उपयोग होत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

येथे काही मित्र भुवया उंचावतील, याची मला जाणीव आहे. व्यापारी हा साठेबाज, नफेखोर; त्याच्या विम्याची काळजी आपण का वाहावी? हा आक्षेप मोठ्या व्यापाऱ्याबाबत रास्त आहे. पण ज्या दुकानात मालक स्वतः तागडी धरतो, पत्नी हिशेब ठेवते आणि एखाददुसरा नोकर असतो, त्या दुकानाला भांडवलशहाची पेढी म्हणणे म्हणजे अर्थशास्त्राची थट्टा आहे. ते दुकान बुडाले तर नोकराची रोजी जाते आणि मालक सावकाराच्या दारात उभा राहतो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापुरात हाहाकार उडवला. त्या चिखलातून बाहेर आलेला छोटा दुकानदार आणि त्याचा गडी यांच्या हिताची फारकत करता येत नाही.

आता मूळ प्रश्न. विम्याची किंमत किती आणि मोल किती? या दोन गोष्टी एक नव्हेत, हे १७३८ साली डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने एका उदाहरणाने दाखवून दिले. ॲमस्टरडॅमहून पीटर्सबर्गला जाणाऱ्या शंभर जहाजांपैकी पाच बुडतात, असे धरा. दहा हजार रूबलच्या मालावर सरासरी नुकसान पाचशे रूबलचे. विमेवाला मात्र आठशे मागतो. वरकरणी हा सौदा तोट्याचा. पण बर्नुलीचा हिशेब असा की, या मालाखेरीज ज्याच्यापाशी सुमारे पाच हजार रूबलहून कमी मत्ता आहे, त्याने हा महाग वाटणारा विमा उतरवण्यातच शहाणपण आहे. कारण एकच धक्का त्याला आयुष्यातून उठवू शकतो. ज्याच्यापाशी त्याहून अधिक आहे, त्याने खुशाल विम्यावाचून राहावे.

तात्पर्य, विम्याची गरज गरिबीच्या प्रमाणात वाढते. आपल्याकडे मात्र चित्र नेमके उलटे आहे. धक्का सहज पचवू शकणारा कारखानदार पै-पैचा विमा उतरवतो, आणि एका पुरात होत्याचे नव्हते होणारा टपरीवाला उघड्यावर असतो. याचा दोष केवळ त्याच्या अज्ञानाकडे देणे सोपे आहे. पण ते खरे नाही. जोखमीची वाटणी ही कल्पना आपल्या बाजारपेठेला परकी नव्हती. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यावयाचे, अशी अट असलेली जोखमी हुंडी आपले व्यापारी विमा कंपन्या येण्यापूर्वीपासून वापरीत होते. तेव्हा छोटा माणूस विम्यापासून दूर का, याची कारणे व्यवस्थेत शोधली पाहिजेत.

पहिले कारण बँकेच्या दाराशी सापडते. अनेक छोट्या व्यावसायिकांचा विमा त्यांनी स्वतः उतरवलेला नसतो. मालतारण कर्ज देताना तो बँकेने उतरवलेला असतो. हप्ता खात्यातून परस्पर वजा होतो. विमापत्र बँकेच्या कपाटात राहते. विम्याची रक्कम बहुधा कर्जाएवढीच ठेवलेली असते, मालाच्या किमतीएवढी नव्हे. याचा परिणाम काय होतो, ते आकड्यांनीच पाहू. समजा, दुकानात १२ लाखांचा माल आहे, कर्ज ६ लाखांचे आणि विमाही ६ लाखांचा. पुरात ८ लाखांचा माल गेला. दुकानदाराला वाटते, आपल्याला निदान ६ लाख मिळतील. पण विमापत्रात सरासरीची अट असते. मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा उतरवला, तर नुकसानही निम्मेच भरून मिळते. म्हणजे ४ लाख. त्यावर पहिला हक्क बँकेचा. ते ४ लाख कर्जखाती जमा होतात, २ लाखांचे कर्ज शिल्लक राहते आणि दुकानदाराच्या हाती एक कवडीही येत नाही. त्याने हप्ते भरले, पण संरक्षण मिळाले ते बँकेला. अशा माणसाने विम्याला लूट म्हटले तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

दुसरे कारण विमापत्राच्या भाषेत आहे. जुन्या प्रमाणित अग्निविमापत्रात वादळ व पूर यांचे संरक्षण हप्ता कमी करून वगळण्याची मुभा होती. ते वगळले आहे, हे पुष्कळांना पाणी ओसरल्यावरच कळले. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हे ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी प्रमाणित विमापत्र लागू केले. त्यात पुराचे संरक्षण मुळातच अंतर्भूत आहे, आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी सरासरीची अट लावली जात नाही. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. तरीही दुकान बंद राहिल्याने बुडालेली कमाई साध्या विमापत्रात येत नाही. आणि वरच्या उदाहरणातल्या निम्म्या विम्याला १५ टक्क्यांची सूट पुरी पडत नाही.

तिसरे कारण कराचे. व्यवसायाच्या मालमत्तेच्या विम्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. नोंदणीकृत मोठा उद्योग हप्त्यावर भरलेला हा कर आपल्या देय करातून सामान्यतः वळता करून घेतो. त्याच्यावर वस्तुतः भार पडत नाही. पण उलाढाल थोडी म्हणून ज्याची नोंदणीच नाही, किंवा ज्याने कंपोझिशन योजना पत्करली आहे, त्याला ही वजावट नाही. २००० रुपयांच्या हप्त्यावर त्याला ३६० रुपये खरोखरच अधिक मोजावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांवरील कर माफ झाला. मग दुकानाच्या विम्यावरील कराचा खरा बोजा सर्वांत दुबळ्याच्याच खांद्यावर का?

याच्या जोडीला धोरणाची दिशा पाहा. २००० सालापासून हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. १ जानेवारी २००७ पासून अग्निविम्याचे ठरीव दर उठले. मोठ्या कारखान्यांनी घासाघीस करून भरघोस सवलती पदरात पाडून घेतल्या. छोट्या विमेदारापाशी घासाघिशीची ताकद कोठली? परकी भांडवलाची मर्यादा २०१५ मध्ये ४९ टक्के, २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. २०२१ मध्येच सरकारी विमा कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के हिस्सा असण्याचे कायदेशीर बंधनही काढून टाकण्यात आले. सार्वजनिक कंपन्यांचा कारभार निर्दोष होता, असे माझे म्हणणे नाही. दाव्यांची दिरंगाई आणि कागदी घोडे यांचा अनुभव लोकांनी भरपूर घेतला आहे. परंतु नफा हाच निकष ठरला की पूररेषेतला दुकानदार हे नको असलेले गिऱ्हाईक ठरते. जोखीम सर्वांत विभागायची हे विम्याचे तत्त्व, आणि जोखमीचा माणूस टाळायचा हा बाजाराचा स्वभाव. यांत मुळातच विरोध आहे.

मग सरकारी मदतीवर भिस्त ठेवावी काय? पूर आला की पंचनामे होतात, घोषणा होते, २०२१ प्रमाणे दुकानदाराला फार तर पन्नास हजार रुपये मिळतात. लाखोंच्या नुकसानीपुढे ही रक्कम म्हणजे दर्या में खसखस. शिवाय मदत ही मेहरबानी असते, दावा हा हक्क असतो. हक्काचा माणूस मंत्र्याच्या दौऱ्याची वाट पाहत बसत नाही.

म्हणून मागणी अशी हवी की, पूरप्रवण शहरांतील छोट्या व्यावसायिकांचा बाजारपेठनिहाय सामूहिक विमा असावा आणि त्याच्या हप्त्यात राज्य शासन व नगरपालिका यांनी वाटा उचलावा. पीकविम्यात शेतकऱ्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतेच. त्यावर सार्थ आक्षेप असा आहे की, चांगल्या वर्षी ते सरकारी पैसे कंपन्यांच्या घशात जातात. त्यावरचा तोडगाही महाराष्ट्रानेच काढून दाखवला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'बीड पॅटर्न'मध्ये भरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी झाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेली रक्कम शासनास परत करायची. ११० टक्क्यांच्या पलीकडचा भार शासनाने उचलायचा. हेच सूत्र बाजारपेठेला लावण्यास कोणती अडचण आहे? सामूहिक विम्यात प्रत्येक दुकानामागचा कागदोपत्री खर्च घटतो, आणि पूररेषेबाहेरचे दुकानदारही सामील झाले तर हप्ता आवाक्यात राहतो.

याबरोबर आणखी तीन गोष्टी मागाव्यात. बँकेने प्रत्येक कर्जदाराला विमापत्राची मराठी प्रत द्यावी आणि विमा मालाच्या पूर्ण किमतीचा ठेवावा. कराची वजावट ज्यांना मिळत नाही, त्यांच्या हप्त्यावरील कर रद्द व्हावा. आणि मोठ्या आपत्तीनंतर सर्वेक्षकाच्या अंतिम अहवालाची वाट न पाहता पहिली उचल ठरावीक दिवसांत मिळावी; कारण दुकान दोन महिने बंद राहिले की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, आणि उशिरा आलेला पैसा दुकान वाचवीत नाही. मात्र दुकानदारालाही एक अट घालावी. ज्या सामूहिक विम्याला समाजाचा पैसा लागतो, त्यात नोकराच्या अपघाताचे संरक्षणही असलेच पाहिजे. कामावर इजा झालेल्या कामगाराची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण खुद्द मालकच कंगाल असेल तर ते कागदावरच राहते.

ही मागणी पुढे येईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. पावसाळ्यापूर्वी आपापल्या पेठेतील दुकानांत जाऊन चार प्रश्न विचारा : विमापत्र पाहिले आहे काय? त्यावरचा पत्ता आजच्या दुकानाचा व गोदामाचा आहे काय? रक्कम मालाच्या किमतीएवढी आहे काय? मालाच्या खरेदीची बिले दुकानाबाहेर, सुरक्षित जागी आहेत काय? पाणी ओसरल्यावर कोणाचे काय गेले याची मोजदाद करण्यापेक्षा हे काम कमी दिखाऊ आहे खरे. पण पुरानंतर मोर्चा काढणाऱ्या पक्षापेक्षा पुरापूर्वी दारात आलेला कार्यकर्ता लोकांच्या अधिक काळ लक्षात राहतो.