गल्ली कुठं हाय?

‘तुझं गाव कुठलं रे?’ नांदेडच्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिला प्रश्न हाच. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो, ‘किल्लारी’. मग दोन सेकंद सगळे गप्प.

मागच्या वीकेंडला त्याच्यासोबत बाइक काढली. लातूर ओलांडून औसा तालुक्यातलं त्याचं गाव गाठलं. सरळ रुंद रस्ते, काटकोनातली वळणं, रांगेतली घरं. टाउनशिपच की! ‘मस्त प्लॅनिंग आहे,’ मी म्हणालो. त्याची आज्जी हसली. ‘समदं झकास हाय लेकरा, पर गल्ली कुठं हाय?’

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन उरकून दमून झोपलेलं गाव पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हादरलं. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत मिळून 8 ते 10 हजार माणसं गेली. घात केला तो माळवदांनी. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड छत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गारवा देणारं घरच त्या रात्री अंगावर आलं.

मग मदत आली, वर्ल्ड बँकेचं कर्ज आलं, 52 गावं नव्या जागी वसली. घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीनाला 250 चौरस फूट, 7 हेक्टरच्या वर जमीन असेल तर 750. हिशेब एकदम चोख! पण मापाप्रमाणे घरांच्या रांगा पडल्या आणि भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी पांगले. आज्जीची जिवाभावाची मैत्रीण चार रस्ते पलीकडे गेली. पूर्वी एक हाक मारली की ती दारात हजर असायची.

‘मग जुनंच बरं होतं का?’ मी विचारलं.

‘न्हाई बाबा. हितं रातीला झोप तरी लागती.’

आज्जीला माळवद नकोय, शेजार हवाय. घरं बांधायच्या घाईत तो विचारायचा राहून गेला.

पाच वाजले तशी तिने काठी उचलली. ‘चहा घ्या तुम्ही, मी येते तिच्याकडं जाऊन.’ रोजचंच आहे म्हणे, चार रस्ते जायचं, चार रस्ते यायचं.

रात्री नांदेडला पोचलो. लिफ्टमधून बाहेर आलो आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तीन वर्षांत पहिल्यांदा.