कोरडेपणाचा वाली कोण?

डोळे चुरचुरतात म्हणून रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे जातो आणि थेंब घेऊन येतो. पुढे दात भराभर किडू लागले की दंतवैद्याकडे जातो आणि ते भरून घेतो. दोघांनीही आपापले काम चोख केलेले असते. या दोन्ही तक्रारी ऐकायला मिळतात त्या फॅमिली डॉक्टरला, आणि तोच बहुधा ‘पाणी जास्त प्या’ म्हणून मोकळा होतो. डोळ्यांची आणि तोंडाची कोरड एकत्र तपासायला हवी आणि तिची सुरुवात आपल्याच दवाखान्यात व्हायला हवी, असे आमचे मत आहे. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ च्या प्रबंधात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. त्यांतल्या १३ जणींना संधिवात होता. नेत्रतज्ज्ञ असून त्याने सांधे विचारात घेतले, म्हणून आज कोरडेपणाचा तो आजार त्याच्या नावाने ओळखला जातो.

अडचण अशी, की तक्रार आणि प्रत्यक्ष कोरड यांचा मेळ बसतोच असे नाही. डोळ्यांतून सारखे पाणी येते म्हणणाऱ्याचेही डोळे कोरडे असू शकतात: पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींचा तेलकट स्राव कमी पडला की अश्रूंचा थर लवकर उडून जातो, बुबुळ चुरचुरते आणि प्रतिक्षिप्त पाणी वाहू लागते. तोंड सुकते म्हणणाऱ्या काहींची लाळ मोजल्यावर पुरेशी भरते. म्हणून मोजमाप हवे, आणि ते स्वस्त आहे. शिर्मरची कागदी पट्टी पाच मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, किंवा काहीही न चघळता पंधरा मिनिटांत जमलेली लाळ दीड मिलिलिटरपलीकडे गेली नाही, तर तक्रारीला आधार आहे. पट्टी नसेल तर एवढे तरी विचारावे: भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरते का?

शोग्रेनचा आजार विरळा, बहुतेकांची कोरड वयाची, मधुमेहाची नाहीतर औषधांची, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. औषधांचा मुद्दा तर आमच्याच बाजूचा आहे. अमिट्रिप्टिलीन एकाने लिहिलेले, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन दुसऱ्याने, सर्दीची क्लोरफेनिरामिन दुकानातून परस्पर घेतलेली. ही बेरीज करणार कोण? (पुष्कळदा त्यातली एक चिठ्ठी आपल्याच अक्षरातली असते.) दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निदान करूनही आजार बरा होत नाही. खरेच, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनही २०१४ च्या फ्रेंच चाचणीत कोरड, वेदना आणि थकवा यांवर प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. पण शोग्रेनच्या रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी लिम्फोमा होतो. कानापुढची न उतरणारी सूज अशा वेळी गालगुंड म्हणून सोडून देता येत नाही. अँटी-रो प्रतिपिंडे असलेल्या गर्भवतीच्या बाळाला १ ते २ टक्के वेळा हृदयरोध होतो. मूत्रपिंडातील दोषामुळे पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडलेली रुग्ण कधी कधी पुढे शोग्रेनची निघते. फ्लोराइडने दात वाचतात, हा फायदाही लहान नाही.

रक्ततपासण्या सरसकट नकोत. आधी औषधांची यादी पाहा, जमेल ते बदला. तरीही कोरड तीन महिन्यांवर टिकली, किंवा सोबत सांधे दुखत असतील, तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा. आणि चिठ्ठीवर डोळे आणि तोंड दोन्ही लिहा.