शेताचे स्थानिक नाव

चाकणहून तळेगावच्या रस्त्याला लागणाऱ्या नवख्या प्रवाशाची ‘खराबवाडी’ ही पाटी वाचून हमखास करमणूक होते. पुढे औद्योगिक वसाहतीत ‘शिंदे’ नावाचे अख्खे गाव भेटते आणि त्याच्या शेजारी ‘वासुली’. कर्जवसुलीस निघालेल्या बँक कर्मचाऱ्यास हे नाव फारच समर्पक वाटेल. एका कान्याने ते गाव बचावले आहे.

हसण्यास हरकत नाही. परंतु खराबवाडीत खराब असे काही नाही; खराबी हे तेथील घराण्यांचे आडनाव. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कडाची वाडी यांची घडणही तशीच. निगडी म्हणजे निरगुडी, पिंपरी हाही एक वृक्षच आणि चिंचवडात तर चिंच व वड दोन्ही नांदतात. जमिनीत काय उगवते आणि ती कोण कसतो, एवढे सांगून ही नावे थांबतात.

वरून लादलेले नाव लोक स्वीकारतातच असे नाही. 1660 साली शायिस्तेखानाने चाकणचा किल्ला घेतला, तेव्हा मोगलांनी त्याचे नाव इस्लामाबाद ठेवले. ते दफ्तरातच राहिले. उलट 1972 मध्ये नवनगर विकासासाठी स्थापन झालेले प्राधिकरण 2021 मध्ये विसर्जित झाले, तरी निगडीचा रिक्षावाला आजही ‘प्राधिकरण’ म्हटले की बरोबर नेऊन सोडतो. कार्यालय गेले, गाव उरले! टेल्कोचे नाव 2003 मध्ये बदलले. टेल्को रस्ता मात्र आहे तेथेच आहे. थरमॅक्स चौक, केएसबी चौक या नावांनाही नाक मुरडण्याचे कारण नाही. कामगाराची बस जेथे थांबते, त्या जागेला तो आपल्या सोयीचे नाव देणारच.

चिंता वाटावी ती ‘सेक्टर’ आणि ‘ब्लॉक’ यांची. त्यांच्याखाली केवळ शेते गेली नाहीत, शेतांची नावेही गेली. गावाचे नाव निदान पाटीवर उरते. माळ, मळा, खडक, ओढा यांवरून पडलेली शिवारातील नावे संपादनाच्या नोटिशीत केवळ गट क्रमांक होऊन येतात. वस्तुतः सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा स्वतंत्र रकाना आहे. शासनाला कधी काळी या नावांची गरज वाटली होती, याचा तो पुरावा. पुष्कळ उताऱ्यांवर तो कोराच असतो.

शेताच्या नावात काय साठू शकते, हे पाहण्यास दूर जावयास नको. आंबेठाणला शरद जोशी यांनी कोरडवाहू जमीन घेतली, तिचे नाव अंगारमळा. चाकणच्या बाजारातील कांद्याच्या भावावरून उठलेल्या आंदोलनाचा आणि 1979 मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेचा इतिहास त्या एका नावापाशी येऊन थांबतो. तेथे केवळ गट क्रमांक उरला असता तर?

औद्योगिक विकास महामंडळ व महानगरपालिका यांना यात अवघड असे काही नाही. संपादनापूर्वी तलाठ्याने (त्याचेही नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) गावातील जाणत्या माणसांना विचारून तो रकाना भरावा आणि नव्या रस्त्यांना, चौकांना त्यांतूनच नावे द्यावीत. ती देवनागरीत शुद्ध लिहावीत, हेही सांगणे भाग आहे. रोमन पाट्या वाचून हिंजवडीला ‘हिंजेवाडी’ म्हणणारे मराठी भाषक आज काही थोडे नाहीत.